परमिशन डिनाइड : एका नंबरवर ठेवलेल्या विश्वासाची गोष्ट

एपिसोडमध्ये जे बोललो ते इथे थोडं आवरून लिहिलंय. बसमध्ये, लोकलमध्ये, जिममध्ये ऐकताना एखादा आकडा निसटला असेल तर तो इथे सापडेल.

आजचा विषय अगदी छोटा वाटेल. लिनक्स मशीनवर तुम्ही नेटवर्कवरचं स्टोरेज माउंट केलंय. घरातला नॅस असेल, ऑफिसचा फाइल सर्व्हर असेल, कॉलेजच्या लॅबमधला असेल. फोल्डर दिसतंय, फाइल उघडतेय, फोटो बघता येतायत. पण एक नवी फाइल सेव्ह करायला गेलात की स्क्रीनवर दोन शब्द येतात : परमिशन डिनाइड. मग शोधाशोध सुरू होते आणि पहिलाच सल्ला मिळतो, 'सीएचमॉड ७७७ मार ना!' तो मारून कधी काम होतं, कधी होत नाही. का झालं आणि का नाही झालं, हे मात्र कोणी सांगत नाही.

ते 'का' समजून घ्यायचं तर साठेक वर्षं मागे जावं लागतं, कारण या दोन शब्दांमागचा प्रश्न फार जुना आहे. दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात तेव्हा समोरचा माणूस नक्की कोण आहे, हे ठरवायचं कोणी?

एकाच मशीनवर अनेक माणसं

१९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची सिस्टीम दाखवली. तिचं पूर्ण नाव कम्पॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टीम. एकच मोठा कॉम्प्युटर, त्याला अनेक टर्मिनल जोडलेले, आणि प्रत्येकाला वाटतंय की मशीन आपलंच आहे. एकाच्या फाइलला दुसऱ्याने हात लावू नये म्हणून पासवर्ड आले. गंमत बघा, १९६६ मध्ये याच सिस्टीममध्ये दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसायला लागले. 'हे कोणाचं, कोणी बघायचं' हा प्रश्न तेव्हापासून सतावतोय.

पुढे १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं. नोव्हेंबर १९७१ मध्ये त्याचं पहिलं मॅन्युअल आलं. त्यात फाइलच्या परवानग्या आजच्यापेक्षा साध्या होत्या : मालकाने वाचायचं-लिहायचं की नाही, आणि बाकीच्यांनी वाचायचं-लिहायचं की नाही. ग्रुप नावाची मधली पायरी थोडी नंतर आली. मग आज आपल्याला माहीत असलेल्या नऊ खुणा तयार झाल्या. मालकासाठी तीन, ग्रुपसाठी तीन, बाकी जगासाठी तीन. वाचा, लिहा, चालवा.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. फाइलच्या नोंदीत मालकाचं *नाव* लिहिलेलं नसतं. तिथे फक्त एक *नंबर* असतो, युजर आयडी. जमिनीचा सातबारा डोळ्यासमोर आणा, पण असा सातबारा की ज्यावर मालकाचं नाव नाहीच, नुसता १००० हा आकडा आहे. १००० म्हणजे कोण, हे शोधायला दुसरी वही उघडायची. युनिक्समध्ये ती वही म्हणजे 'पासवर्ड' नावाची साधी टेक्स्ट फाइल. तुम्ही यादी मागवलीत की कॉम्प्युटर त्या वहीत बघतो आणि आकड्याच्या जागी नाव छापतो. आपल्याला नाव दिसतं, कर्नल मात्र आकडाच बघतो.

मशीन एकच होतं तोवर यात काहीच अडचण नव्हती. वही एक, गाव एक, तलाठी एक.

१९८४ : दुसऱ्याची डिस्क आपली वाटायला लागली

१९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी सुरू झाली. सन हे नाव स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्कच्या आद्याक्षरांवरून आलेलं. अँडी बेक्टोल्शाइम, स्कॉट मॅकनीली, बिल जॉय आणि विनोद खोसला ही संस्थापक मंडळी. खोसलांचा जन्म पुण्याचा, १९५५ सालचा. तेवढं पुणेकरांनी मनातल्या मनात मिरवून घ्या, मग पुढे जाऊ.

सन वर्कस्टेशन विकायची. प्रत्येक इंजिनिअरच्या टेबलावर एक ताकदवान मशीन. पण तेव्हा डिस्क महाग होती. प्रत्येक टेबलावर मोठी डिस्क देण्यापेक्षा एका सर्व्हरवर डिस्क ठेवायची आणि बाकीच्यांनी ती नेटवर्कवरून वापरायची, हा हिशेब सरळ होता. १९८४ मध्ये सनने नेटवर्क फाइल सिस्टीम जाहीर केली, म्हणजेच एनएफएस. १९८५ मध्ये रसेल सँडबर्ग आणि सहकाऱ्यांनी तिच्या रचनेवर शोधनिबंध वाचला.

एनएफएसची खरी कमाल ही की जुन्या प्रोग्रॅमना काहीच कळत नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण आपल्याच डिस्कवर लिहितोय. आज आपण 'माउंट' हा शब्द किती सहज वापरतो! दूरची डिस्क आपल्या फोल्डरच्या झाडाला फांदीसारखी लावायची ही कल्पना घरोघरी पोचली ती मुख्यतः एनएफएसमुळे.

पण ओळखीचं काय? तुम्ही तुमच्या मशीनवर लॉगिन केलंय. सर्व्हरला तुमचा पासवर्ड माहीत नाही. मग 'ही फाइल लिहू दे' अशी विनंती गेली तर सर्व्हरने कोणाला हो म्हणायचं? सनचं उत्तर सोपं होतं. विनंतीसोबत तुमचं मशीन एक चिठ्ठी पाठवतं : युजर नंबर १०००, ग्रुप नंबर अमुक, आणि बाकीचे ग्रुप तमुक. सर्व्हर त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतो. बस्स.

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आठवा. 'कुठे जायचंय?' 'चारशे दोन.' 'जा.' तुम्ही खरंच चारशे दोनमध्ये राहता का, हे तो तपासत नाही. तुम्ही आकडा सांगितलात, त्याने वहीत लिहिला, गेट उघडलं. एनएफएसची मूळ ओळख-पद्धत नेमकी अशी आहे.

हा मूर्खपणा होता का? मला तसं वाटत नाही. त्या काळी ही मशीन एकाच खोलीत किंवा एकाच इमारतीत असायची आणि सगळ्यांची देखभाल एकच ॲडमिन करायचा. कोणीही आपलं मशीन घरून आणून लावत नव्हतं. सगळ्या मशीनवर वही सारखीच राहावी म्हणून सनने जोडीला यलो पेजेस नावाची सेवाही दिली : एकच केंद्रीय वही, सगळ्यांनी तीच वाचायची. पुढे ब्रिटिश टेलिकॉमने सांगितलं की यलो पेजेस हा आमचा ट्रेडमार्क आहे, म्हणून सेवेचं नाव बदलून एनआयएस झालं. कमांडच्या सुरुवातीची 'वाय-पी' ही दोन अक्षरं मात्र तशीच राहिली. जुन्या सर्व्हरवर ती दिसली तर समजून जा, ही त्या बदललेल्या नावाची उरलेली खूण आहे.

एका बाबतीत मात्र सनची मंडळी सुरुवातीपासून सावध होती. युनिक्समध्ये शून्य नंबर म्हणजे रूट, सर्वशक्तिमान. एखाद्या वर्कस्टेशनच्या मालकाने स्वतःच्या मशीनवर रूट बनून 'मी शून्य नंबर आहे' अशी चिठ्ठी पाठवली तर? म्हणून सर्व्हर शून्याची चिठ्ठी आली की ती बदलून 'नोबडी' करतो. कोणीच नाही! तो नंबर होता उणे दोन. सोळा बिटांत उणे दोन लिहिलं की होतं ६५५३४. आजही तुमच्या लिनक्सवर नोबडीचा नंबर शोधा, बहुधा ६५५३४ हाच निघेल. या युक्तीला म्हणतात रूट स्क्वॉश. तुम्ही तुमच्या सोसायटीचे चेअरमन असाल, पण आमच्या गेटवर तुम्ही साधे पाहुणे.

आता तुमची अडचण बघू

इतका इतिहास ऐकल्यावर आजचा घोटाळा जवळजवळ आपोआप उलगडतो.

समजा घरी एनएफएस सर्व्हर आहे. तुम्ही सुडो लावून माउंट केलंत आणि सुडो लावूनच लिहायचा प्रयत्न केलात, तरी लिहिता येत नाही. लोक चक्रावतात : 'मी तर रूट आहे!' हो, पण तिकडे पोचेपर्यंत तुम्ही नोबडी झालात. इथे काही जण सर्व्हरवर 'नो रूट स्क्वॉश' लावून मोकळे होतात. ते टाळा. मग त्या मशीनवर रूट असलेला कोणीही तुमच्या सर्व्हरच्या फाइलींवर रूटसारखा वागेल, आणि पळवाट म्हणून रूटच्या हक्काने चालणारा प्रोग्रॅमही तिथे ठेवू शकेल.

दुसरा प्रकार याहून मजेदार. लॅपटॉपवर तुमचं नाव आणि सर्व्हरवर तुमचं नाव अक्षर न् अक्षर सारखं, तरी लिहिता येत नाही. कारण नंबर वेगळे! डेबियन आणि उबंटूवर पहिल्या माणसाला १००० नंबर मिळतो. मॅकवर ५०१ मिळतो. रेड हॅट आणि फेडोरावर अनेक वर्षं ५०० पासून सुरुवात व्हायची. फेडोराने २०११ च्या सोळाव्या आवृत्तीत ती १००० वर नेली, रेड हॅट एंटरप्रायझने २०१४ च्या सातव्या आवृत्तीत. म्हणजे जुन्या सर्व्हरवर तुम्ही ५००, नव्या लॅपटॉपवर १०००. सर्व्हरच्या दृष्टीने दोन वेगळी माणसं.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. आमच्या ओळखीतल्या एका छोट्या टीममध्ये सगळ्यांना नवे उबंटू लॅपटॉप मिळाले. प्रत्येक जण आपापल्या मशीनवरचा पहिला युजर, म्हणून प्रत्येक जण १०००. सामायिक सर्व्हरवर सगळ्यांच्या फाइली एकाच मालकाच्या दिसायच्या. कोणालाच कधी परमिशन डिनाइड आलं नाही आणि सगळे खूश होते. मग एका शुक्रवारी एकाने 'माझं जुनं फोल्डर' समजून दुसऱ्याचं महिनाभराचं काम उडवलं. सर्व्हरने अडवलं नाही, कारण त्याच्या हिशेबाने मालकच स्वतःची वस्तू टाकून देत होता. परमिशन डिनाइड न येणं हेही कधीकधी काहीतरी बिघडल्याचं लक्षण असतं.

म्हणून पहिली सवय : नावं बघू नका, आकडे बघा. दोन्ही मशीनवर 'आयडी' ही कमांड चालवा. माउंट केलेल्या फोल्डरची यादी मागवताना एलएस कमांडला डॅश लावून एल आणि एन ही अक्षरं द्या, म्हणजे मालकाच्या जागी नावाऐवजी नंबर छापला जातो. दोन्हीकडचे आकडे जुळत नसतील तर रोग सापडला.

इलाज तीन आहेत. माणसं दोन-तीनच असतील तर दोन्हीकडे युजर नंबर सारखे करून घ्या. माणसं बरीच असतील तर सर्व्हरवर एक ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपच्या नावे करा, ग्रुपला लिहायची परवानगी द्या आणि फोल्डरवर सेट-जीआयडीची खूण लावा. मग आत जे नवं तयार होईल ते आपोआप त्याच ग्रुपचं होतं. इथे प्रत्येकाचा यूमास्क ००२ ठेवायला विसरू नका, नाहीतर नव्या फाइलवर ग्रुपला नुसतं वाचता येतं आणि भांडण पुन्हा सुरू. ग्रुपचा नंबरही दोन्हीकडे एकच हवा. तिसरा इलाज घरगुती नॅससाठी : 'ऑल स्क्वॉश' लावून येणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हरवरच्या एकाच ठरलेल्या युजरमध्ये बदलायचं. सोपं पडतं, पण कोणी काय केलं याचा माग मग राहत नाही.

दोन बारीक सापळेही सांगतो. पहिला सर्व्हरवरच्या 'एक्सपोर्ट्स' फाइलमधला. मशीनच्या नावाला चिकटून कंसात 'आर-डब्ल्यू' लिहिलं तर लिहायची परवानगी त्या मशीनला मिळते. मध्ये चुकून एक स्पेस पडली तर अर्थच उलटतो : त्या मशीनला मिळतात साधे नियम, म्हणजे फक्त वाचणं, आणि लिहायची परवानगी मिळते बाकी सगळ्या जगाला. एका स्पेसने! दुसरा सापळा जुन्या चिठ्ठीचा. तिच्यात सोबतच्या ग्रुपसाठी फक्त सोळा जागा आहेत. मोठ्या संस्थेत तुम्ही वीस ग्रुपमध्ये असाल तर उरलेले चार सर्व्हरला कळतच नाहीत. आयडी कमांड म्हणते तुम्ही ग्रुपमध्ये आहात, सर्व्हर म्हणतो नाही. लिनक्स सर्व्हरवर यासाठी 'मॅनेज जीआयडीज' असा पर्याय आहे. तो लावला की सर्व्हर चिठ्ठीतली ग्रुपची यादी सोडून स्वतःची वही बघतो.

दुसरं घराणं : आयबीएम, विंडोज आणि एक पीएचडीचा विद्यार्थी

आतापर्यंत युनिक्सच्या घरातली गोष्ट झाली. पण तुमच्यातल्या निम्म्यांचा नॅस एनएफएस बोलतच नसेल, तो एसएमबी बोलत असेल.

हे घराणं वेगळं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम याने पीसीवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरण्यासाठी हा प्रोटोकॉल लिहिला. आधी त्याला स्वतःच्या आद्याक्षरांवरून बी-ए-एफ म्हणायचे, मग नाव झालं सर्व्हर मेसेज ब्लॉक. मायक्रोसॉफ्टने तो उचलला, वाढवला आणि १९९६ च्या सुमारास त्याला सीआयएफएस असं भारदस्त नाव दिलं. लिनक्सवर माउंट करताना 'सीआयएफएस' टाइप करता ना, ते तिथून आलं.

युनिक्सला ही भाषा येत नव्हती. १९९१ च्या शेवटी कॅनबेरात ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी पीएचडी करत होता. पीसीवरून युनिक्स मशीनची डिस्क वापरता यावी म्हणून त्याने नेटवर्कवरचं बोलणं टिपायला सुरुवात केली. आपण नेमका कोणता प्रोटोकॉल उलगडतोय हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. पुढे त्याने आपल्या पद्धतीला फ्रेंच कॅफेची उपमा दिली : भाषा येत नसेल तर कॅफेत बसा, गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐका आणि वेटर काय आणून ठेवतो ते बघा. हळूहळू कळतं कोणत्या शब्दाला काय येतं.

त्याच्या प्रोग्रॅमचं नाव होतं एसएमबी-सर्व्हर. ते नाव एका कंपनीचं निघालं, बदलावं लागलं. मग त्याने युनिक्समधल्या शब्दांच्या यादीत एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमाने असणारे शब्द शोधायला ग्रेप चालवलं. उत्तरांत एक शब्द होता सांबा. जगभरातल्या लाखो नॅसच्या पोटात आज चालणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव एका ओळीच्या कमांडने ठरलं!

पण ऐकून-ऐकून भाषा शिकायची किती दिवस? विंडोज दर आवृत्तीत नवे शब्द आणायचं आणि सांबावाले मागे धावायचे. प्रश्न तांत्रिक राहिला नव्हता, हक्काचा झाला होता : तुमच्या फाइली तुम्हाला कोणत्या कंपनीच्या मशीनवरून उघडता येतील, हे ठरवणार कोण? युरोपियन कमिशनने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोचा दंड केला आणि प्रोटोकॉलची माहिती खुली करायला सांगितलं. सप्टेंबर २००७ मध्ये युरोपातल्या न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच डिसेंबरमध्ये एका ना-नफा संस्थेमार्फत एकदाच १०,००० युरो भरून सांबाला ती कागदपत्रं मिळाली. आज घरच्या नॅसवर तुम्ही विंडोज, लिनक्स आणि फोन तिन्हीवरून फोटो टाकता, त्यामागे एवढी ओढाताण आहे.

एसएमबीमध्ये मालक कोण?

एनएफएसमध्ये मशीन चिठ्ठी पाठवतं. एसएमबीमध्ये माउंट करतानाच नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. वॉचमन इथे ओळखपत्र बघतो. पण ते बघतो एकदाच, आणि ते ज्याचं, त्याच्याच नावाने पुढची सगळी कामं होतात.

इथे घोळ उलटा होतो. विंडोजकडे युनिक्सचे नंबर नाहीतच, तिथे ओळख वेगळ्या लांबलचक आयडीने होते. मग लिनक्सने त्या फाइलींचा मालक म्हणून कोणता नंबर दाखवायचा? काही सांगितलं नसेल तर बहुतेक वेळा जो माउंट करतो तो, आणि माउंट तुम्ही सुडोने केलंत, म्हणजे रूट. झालं! सर्व्हर म्हणतो 'ये, लिही', कारण पासवर्ड बरोबर आहे. पण तुमचाच लिनक्स दारात उभा राहून म्हणतो, 'हे रूटचं आहे, तू कोण?' अडवणारा सर्व्हर नाही, घरातलाच माणूस आहे.

आणि इथेच सीएचमॉड ७७७ फसतं. या फाइलींवर दिसणारे मालक आणि परवानग्या लिनक्सने माउंटच्या वेळी रंगवलेल्या असतात. भिंतीवरचा रंग खरवडून सातबारा बदलत नाही. अनेकदा कमांड मुकाट्याने चालते आणि पुन्हा बघावं तर सगळं जैसे थे. माउंट करण्याआधी रिकाम्या फोल्डरवर परवानग्या लावणंही तितकंच वाया जातं, कारण माउंट झाल्यावर ते फोल्डर झाकलं जातं.

इलाज माउंटच्या पर्यायांमध्येच आहे. 'यूआयडी बरोबर' लिहून तुमचा नंबर द्या, 'जीआयडी बरोबर' लिहून ग्रुपचा नंबर द्या, आणि 'फाइल मोड' व 'डिर मोड' मध्ये परवानग्या द्या, उदाहरणार्थ ०६६४ आणि ०७७५. अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. पासवर्ड 'एफएसटॅब' फाइलमध्ये उघडा लिहू नका, ती कोणीही वाचू शकतं. वेगळी क्रेडेन्शियल्स फाइल करा, रूटच्या मालकीची, परवानगी ६००. एवढं करूनही अडलं तर मग दोष सर्व्हरच्या दाराचा. सांबात शेअर मुळात फक्त वाचण्यापुरताच असतो, लिहायची मुभा मुद्दाम द्यावी लागते. शिवाय खालच्या खऱ्या फोल्डरवर त्या युजरचा लिहायचा हक्क हवा तो वेगळाच.

२०१७ चा धडा

'घरातच तर आहे, कशाला एवढं?' असं वाटत असेल तर हे ऐका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं. एसएमबीच्या पहिल्या, जुनाट आवृत्तीतल्या विंडोजच्या दोषातून ते एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरलं आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं काम थांबलं. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आलं. त्याच दोषाचा आधार घेत पसरलेल्या त्या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं काम कोलमडलं. त्यात आपल्या न्हावा शेवातल्या जेएनपीटीचं एक टर्मिनलही होतं. कंटेनर बंदरात अडकून पडले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या लिनक्स ४.१३ कर्नलने माउंट करताना पहिली आवृत्ती आपोआप वापरणं सोडलं. अनेकांचे जुने नॅस एका अपडेटनंतर माउंटच होईनात, ते यामुळे. तेव्हा 'आवृत्ती १.०' लिहून काम भागवण्याचे सल्ले भरपूर फिरले, अजून फिरतात. नॅसला अपडेट असेल तर आधी तो करा, जुनं दार पुन्हा उघडू नका.

नंबरवरून नावाकडे

एनएफएसवाल्यांनाही चिठ्ठीची पद्धत पुरणार नाही हे कळलं होतं. २००० साली चौथी आवृत्ती प्रमाणित झाली आणि तिच्यात नंबराऐवजी ईमेलसारखी नावं आली : अमुक ॲट तमुक. दोन्हीकडचं डोमेन जुळलं नाही की यादीत मालक म्हणून नोबडी दिसतो. तो दिसला तर आधी डोमेनची सेटिंग तपासा. पण एक गोम आहे. यादीत नाव नीट दिसलं तरी साध्या सुरक्षेत विनंतीसोबत अजून तीच नंबरांची जुनी चिठ्ठी जाते. म्हणून नाव बरोबर आणि लिहायला बंदी, असंही होतं.

खरी ओळखपत्रं हवी असतील तर कर्बेरोस आहे. एमआयटीच्या १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून तो आला, ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्याचं नाव घेऊन. यात सर्व्हर तुमच्या मशीनचं ऐकत नाही, तिसऱ्या विश्वासू सर्व्हरने दिलेलं मुदतीचं तिकीट बघतो. घड्याळं साधारण पाच मिनिटांहून जास्त पुढे-मागे असली तरी तिकीट नाकारतो. उभारायला कटकट आहे, म्हणून घरात कोणी लावत नाही. ज्या ऑफिसात लोक आपापले लॅपटॉप आणतात आणि त्यावर स्वतः रूट असतात, तिथे मात्र हीच कटकट घेण्यासारखी आहे.

जाता जाता

पुढच्या वेळी परमिशन डिनाइड आलं की या क्रमाने जा. संदेश नीट वाचा. 'रीड ओन्ली फाइल सिस्टीम' असं आलं तर माउंट किंवा एक्सपोर्टच फक्त वाचण्यापुरता आहे, मालकीचा प्रश्नच नाही. मग माउंटची यादी बघा, प्रोटोकॉल एनएफएस आहे की सीआयएफएस. एनएफएस असेल तर दोन्हीकडचे नंबर जुळवा, रूट स्क्वॉश आठवा, सर्व्हरवर दुरुस्त करा. सीआयएफएस असेल तर माउंटचे पर्याय दुरुस्त करा, मग सर्व्हरवरचा शेअर तपासा.

आणि ७७७? ते लावणं म्हणजे 'बाकी जग' या शेवटच्या तीन खुणांमध्ये सगळ्यांना बसवणं. त्या 'बाकी जगात' तुमचा भाऊ येतो, रूममेट येतो, आणि उद्या नेटवर्कवर शिरलेलं एखादं रॅन्समवेअरही येतं. आई-बाबांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो ज्या डिस्कवर आहेत, तिच्यावर 'कोणीही या, काहीही करा' अशी पाटी आपण लावणार नाही. दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील, नंबर जुळवा.

हा भाग एखाद्या ज्युनिअरला किंवा नुकताच नॅस घेतलेल्या मित्राला पाठवा. तुमच्या सर्व्हरवर काही वेगळाच घोळ असेल तर तोही कळवा. फक्त कळवताना आयडी कमांडचं उत्तर सोबत द्या, म्हणजे आकड्यांपासूनच सुरुवात करता येईल. भेटू पुढच्या भागात!